एजंट अनेक, भाग एकेक

भाड्याने देण्यासाठी म्हणून पहिला फ्लॅट घेऊ पाहणारी माणसं पुण्यात पुष्कळ भेटतात. त्यांचा नेहमीचा प्रश्न असतो, एजंट एकच धरावा की चार-पाच जणांना सांगून ठेवावं?

खुशाल अनेकांना सांगा, पण भाग वाटून द्या. हिंजवडीत आयटीतल्या भाडेकरूंचा बाजार वेगळा आणि कोथरूडच्या जुन्या सोसायट्यांचा वेगळा. दोन्हीकडची खडान्‌खडा माहिती एकाच माणसाला क्वचितच असते. एकाच भागात तिघांना कामाला लावलंत, तर तोच फ्लॅट तिघेही दाखवतात, कधी तीन निराळ्या किमतींना. कारण मालकानेही पाच जणांना सांगून ठेवलेलं असतं. मग व्यवहार ठरतो आणि दलाली कुणाची यावरून भांडण लागतं. ज्याने घर आधी दाखवलं तो साहजिकच हक्क सांगतो. तेव्हा नव्या एजंटाने इमारतीचं नाव काढताच, 'हे आम्ही अमक्या तारखेला दुसऱ्यांबरोबर पाहिलंय' असं स्पष्ट सांगावं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनही ठेवावं.

दलालीचं बोलणं घर बघण्याआधीच उरकावं. विक्रीत ती बहुधा १ ते २ टक्के असते, म्हणजे ५० लाखांच्या फ्लॅटवर ५० हजार ते १ लाख. एजंट मालकाकडूनही घेणार असेल, तर घासाघिशीत त्याच्यावर विसंबू नका. त्यापेक्षा नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर त्याच इमारतीतल्या अलीकडच्या विक्रीचं इंडेक्स टू काढा. खरेदीखत किती रुपयांचं झालं, ते तिथे छापलेलं असतं.

नव्या प्रकल्पातलं घर दाखवणाऱ्याकडे महारेराचा नोंदणी क्रमांक मागा. २०१७ पासून ती नोंदणी सक्तीची आहे. जुन्या सोसायटीत मात्र सचिवांना स्वतः भेटून थकबाकी विचारावी.

आणि बयाणा! 'आज टोकन दिलं नाहीत तर उद्या घर जाईल' हे सगळेच म्हणतात. गेलं तर जाऊ द्या. कागद पाहिल्यावरच पैसे द्या, तेही चेकने, थेट मालकाच्या नावे.

घर ठरलं की बाकीच्या एजंटांना त्याच दिवशी फोन करून कळवा. त्यांनीही तुमच्यासाठी किल्ल्या मागून आणलेल्या असतात, भर उन्हात जिने चढलेले असतात. शिवाय फ्लॅटला भाडेकरू शोधायची वेळ येते, तेव्हा त्यांच्यापैकीच कुणाला तरी फोन करावा लागतो.