संशयाचा फायदा कोणाला?

(अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललं तसंच छापतो आहोत.)



फौजदारी कायद्यात एक शब्द आहे – संशयाचा फायदा. गुन्हा पुरता शाबीत झाला नाही, शंका उरली, की आरोपीला सोडायचं. तत्त्व चांगलं आहे. वस्तीतल्या पोरांवर पोलीस खोटे खटले घालतात तेव्हा हेच तत्त्व त्यांना वाचवतं. त्यामुळे तत्त्वावर माझा राग नाही. माझा सवाल एवढाच, की या देशाच्या कोर्टात हा फायदा वाटला कसा जातो? पंगतीला कोण बसतं आणि उष्ट्या पत्रावळी कोण उचलतं?

न्यायाधीशाच्या झग्याच्या खिशात पक्षाचं कार्ड सापडत नाही. तो विश्वास कोणावर टाकतो आणि शंका कोणावर घेतो, ते बघा. त्याचा पक्ष तिथं सापडतो.

१९७३ साल घ्या. २४ एप्रिलला केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला. राज्यघटनेचा मूळ गाभा संसदेलाही मोडता येणार नाही, असं सात विरुद्ध सहा मतांनी ठरलं. दुसऱ्याच दिवशी इंदिरा सरकारने शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून ए. एन. रे यांना सरन्यायाधीश केलं. तिघेही सरकारविरुद्ध गेले होते, रे सरकारच्या बाजूने. तिघांनी राजीनामे फेकले. तेव्हाचा परवलीचा शब्द होता 'बांधील न्यायसंस्था'. बांधिलकी! आपल्या कवींचा लाडका शब्द. पण बांधिलकी कोणाशी? भूमिहीनाशी? झोपडपट्टीशी? छे. खुर्चीशी.

त्याआधीची न्यायसंस्था सोवळी होती असं मात्र कोणी समजू नये. याच सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण रद्द केलं, संस्थानिकांचे तनखे थांबवण्याचा हुकूमही मोडीत काढला. राजेमहाराजांची मालमत्ता म्हटली की कायद्याचा कीस पाडला जायचा. सरकारला ते टोचलं. पण त्यावर सरकारने इलाज काय केला? मालमत्तेचा पक्ष काढून तिथं स्वतःचा पक्ष बसवला. आपण दोन्ही वेळा कोर्टाच्या पायरीवरच.

आणि १९७३ मध्येच मद्रास उच्च न्यायालयात काय झालं? तंजावर जिल्ह्यातलं किळवेण्मणी. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री ४४ दलितांना एका झोपडीत कोंडून जाळलं. बहुतेक बाया आणि पोरं. का? मजुरांनी मजुरी वाढवून मागितली म्हणून. खालच्या कोर्टाने जमीनदारांना शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने सोडलं. आरोपी श्रीमंत, मोठाल्या जमिनींचे मालक, एकाकडे तर मोटारगाडी. अशी माणसं स्वतः पायी चालत जाऊन आग लावतील यावर विश्वास बसत नाही, हे त्यातलं एक कारण! ऐकलंत? मोटारगाडी निरपराधपणाचा पुरावा झाली. तीन न्यायमूर्ती डावलले म्हणून देशभरच्या वकिलांनी आरडाओरड केली, ती योग्यच होती. पण ४४ मुडद्यांसाठी त्यातल्या किती जणांनी काळा कोट झटकला?

मग आली आणीबाणी. लोकांना मिसाखाली उचलून आत टाकलं. नऊ उच्च न्यायालयांनी सांगितलं, की अटक बेकायदा असेल तर माणूस कोर्टाकडे दाद मागू शकतो. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथं न्यायमूर्ती एच. आर. खन्नांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं, एखाद्या पोलिसाने खासगी वैरातून माणसाचा जीव घेतला तर? डे यांनी कबूल केलं, आणीबाणी आहे तोवर इलाज नाही. हे उघड्या कोर्टात ऐकूनसुद्धा २८ एप्रिल १९७६ ला चार न्यायमूर्तींनी सरकारला हवा तसा निकाल दिला : रे, बेग, आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड, आणि पी. एन. भगवती. बेगसाहेबांना सरकारची कैद्यांवरची काळजी जवळजवळ आईच्या मायेसारखी वाटली. चंद्रचूडांना सरकार काही वावगं करणार नाही अशी हिऱ्यासारखी लखलखीत आशा होती. घ्या! संशयाचा सगळा फायदा तुरुंगाच्या मालकाला.

एकटे खन्ना उलट गेले. त्याची किंमत त्यांना ठाऊक होती. जानेवारी १९७७ मध्ये ज्येष्ठता असूनही त्यांना डावलून बेगना सरन्यायाधीश केलं. खन्नांनी राजीनामा दिला. बाकीचे तिघे सरन्यायाधीश झाले : बेग, मग चंद्रचूड, मग भगवती. हा निकाल चुकीचा होता हे त्याच न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट म्हटलं, आणि ते लिहिणारे न्यायमूर्ती यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड. एकेचाळीस वर्षं! एवढ्यात पिंजऱ्यातला माणूस मरतो, त्याची बायको मरते. न्याय येतो तेव्हा दार उघडायला घरात कोणी नसतं.

ही झाली काठी. आता गाजर बघा. बहरुल इस्लाम राज्यसभेत काँग्रेसचे खासदार होते. १९७२ मध्ये खासदारकी सोडून उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १९८० मध्ये निवृत्त झाले, आणि निवृत्त माणसाला त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात नेलं. तिथं बिहारचे काँग्रेसी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्यावरचा सहकारी बँकेचा खटला मागे घ्यायला त्यांच्या पीठाने मान्यता दिली. लगेच १९८३ च्या जानेवारीत राजीनामा, आणि पुन्हा काँग्रेसचे खासदार!

काँग्रेस गेली, भाजप आला, तिजोरीची किल्ली तीच. रंजन गोगोई नोव्हेंबर २०१९ मध्ये निवृत्त झाले, मार्च २०२० मध्ये राज्यसभेवर नेमले गेले. अयोध्येच्या त्याच पीठातले अब्दुल नझीर जानेवारी २०२३ मध्ये निवृत्त झाले, फेब्रुवारीत राज्यपाल. कलकत्त्याचे अभिजित गंगोपाध्याय यांनी ५ मार्च २०२४ ला न्यायाधीशपद सोडलं आणि दोन दिवसांनी भाजपमध्ये गेले. निकाल विकला असं मी म्हणत नाही. माझ्याकडे पुरावा नाही. पण पुढचं पद आजच्या पक्षकाराच्या हातात असेल तर शंका कोणाला येणार नाही?

इथं बाबासाहेबांचं नाव घेऊन कोणी आपलं तोंड बंद करेल, म्हणून सांगतो. मे १९४९ मध्ये घटना समितीत के. टी. शहांनी सूचना मांडली होती, की न्यायाधीशाला नंतर सरकारी पद नको. बाबासाहेबांनी ती मानली नाही. न्यायालयात बहुतेक वाद खासगी माणसांचे असतात, सरकारचा संबंध क्वचित येतो, असं त्यांचं कारण होतं. ते कारण आज उरलेलं नाही. आज देशातला सर्वांत मोठा पक्षकार सरकार आहे. १९५८ मध्येच सेटलवाड यांच्या विधी आयोगाने अशा नेमणुका बंद करा म्हणून सांगितलं. आणि त्याच चर्चेत बाबासाहेबांनी दुसरंही बजावलं होतं : सरन्यायाधीशही माणूसच, सामान्य माणसाचे सगळे दोष, पूर्वग्रह त्याच्यातही असतात, नेमणुकीत त्याला नकाराधिकार देणं धोक्याचं. बाबासाहेबांची पोथी करायची नसते, पद्धत उचलायची असते.

आता आपल्या दारातली गोष्ट. कराडच्या सरकारी फार्मसी कॉलेजातल्या एका दलित कर्मचाऱ्याने वरिष्ठांवर ॲट्रॉसिटीची तक्रार केली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि २० मार्च २०१८ ला न्यायमूर्ती गोयल आणि लळित यांनी देशभरासाठी फर्मान काढलं : आधी प्राथमिक चौकशी होऊ शकेल, सरकारी नोकराला अटक करायची तर वरिष्ठाची परवानगी, इतरांना करायची तर पोलीस अधीक्षकाची. कारण काय, तर कायद्याचा गैरवापर होतो! चोरीची फिर्याद देणाऱ्याला कोणी विचारत नाही, की तू खोटारडा तर नाहीस? फक्त आपल्या फिर्यादीलाच आधी अग्निपरीक्षा. संशयाचा फायदा आरोपीला होताच. आता उरलेला संशय फिर्यादीच्या डोक्यावर.

आणि जिथं खून पडले तिथं? खैरलांजीत २००६ मध्ये एका बौद्ध कुटुंबातली चार माणसं ठेचून मारली. कोर्टाला त्यात जात दिसली नाही, ॲट्रॉसिटीचं कलम लागलं नाही. बिहारच्या लक्ष्मणपूर बाथेत १९९७ मध्ये ५८ मुडदे पडले. खालच्या कोर्टाने २६ जणांना दोषी ठरवलं, २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने सगळ्यांना सोडलं. मग गैरवापर कोण करतंय?

२ एप्रिल २०१८ ला पोरं रस्त्यावर उतरली. भारत बंद. मध्य प्रदेशात, राजस्थानात, उत्तर प्रदेशात जीव गेले. तेव्हा कुठे ऑगस्टमध्ये संसदेने कायदा पूर्ववत केला, आणि १ ऑक्टोबर २०१९ ला न्यायालयाने ते हुकूम मागे घेतले. दरम्यान ६ जुलै २०१८ ला गोयलसाहेब निवृत्त झाले. त्याच दिवशी केंद्र सरकारने त्यांना हरित लवादाचं अध्यक्ष केलं. आपल्यातले गेले ते स्मशानात, ते गेले दुसऱ्या खुर्चीवर.

मग काय, आपले न्यायाधीश बसले की झालं? बसले पाहिजेत, तो हक्क आहे. के. जी. बालकृष्णन २०१० मध्ये निवृत्त झाल्यापासून २०१९ मध्ये भूषण गवई येईपर्यंत सर्वोच्च न्यायालयात एकही दलित न्यायमूर्ती नव्हता. १९९३ पासून न्यायाधीशच न्यायाधीश नेमतात, बंद दाराआड, आपल्याच गोतावळ्यातून. गवई सरन्यायाधीश झाले, तर ६ ऑक्टोबर २०२५ ला एका वकिलाने भर कोर्टात त्यांच्यावर बूट उगारला. म्हणजे खुर्ची मिळाली तरी गावकी सुटत नाही. पण एक माणूस बसला म्हणून खुर्चीचं लाकूड बदलत नाही, हेही ध्यानात ठेवा.

हे बोललं की बेअदबीचा बडगा येतो. न्यायाधीश धनिकांकडे झुकतात असं म्हटलं म्हणून नंबुद्रीपादांना १९७० मध्ये पन्नास रुपये दंड झाला. २०२० मध्ये प्रशांत भूषणना एक रुपया. खरं बोलण्याचा भाव पडतोय, तेवढी आपली सोय!

थट्टा पुरे. तीन गोष्टी मागा. न्यायाधीशाला निवृत्तीनंतर सरकारी पद नाही. कॅगला घटनेने ते बंद केलंच आहे, मग न्यायाधीशाला का नको? नेमणुका उघड्यावर, कारणांसकट. आणि बेंचवर या देशातल्या सगळ्या जातींचा, बायांचा वाटा. मागत असताना एक काम आजच सुरू करा : आपल्या जिल्ह्यात ॲट्रॉसिटीचा खटला उभा राहील त्या दिवशी कोर्टात जाऊन बसा. साक्षीदार फुटतो तो एकटा असतो म्हणून. निकालाची नक्कल काढा, वस्तीत मोठ्याने वाचा, आणि प्रत्येक पानावर विचारा – इथं विश्वास कोणावर टाकला, शंका कोणावर घेतली?

शंका घेण्याचा हक्क आजवर त्यांचा होता. आता तो आपण घेऊ.

जय भीम!