गठ्ठा कोण बांधतं?

(नौपाड्यातील महिलांच्या सभेत केलेले भाषण)



निवडणूक आली की ‘मुस्लिमांची एकगठ्ठा मतं’, ‘उत्तर भारतीयांची एकगठ्ठा मतं’ असं आपण सहज बोलतो. मला विचारायचंय, हा गठ्ठा बांधतं कोण?

मुंब्रा इथून लांब नाही. ठाण्यानंतर कळवा, मग मुंब्रा. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी मुस्लिम कुटुंबं तिथे राहायला आली. मुंब्रा-कळवा मतदारसंघात २००९ ते २०२४ चारही वेळा जितेंद्र आव्हाड निवडून आले. लोक म्हणतात, बघा, गठ्ठा! आपल्या ठाणे मतदारसंघातून २०१४पासून सलग तीनदा संजय केळकर निवडून आले, तर ती मात्र पक्षनिष्ठा!

उमेदवार वस्तीत येतो तो आधी ‘समाजाच्या’ पुढाऱ्याकडे. रमजानमध्ये इफ्तार, छटपूजेला तलावाकाठी मंडप आणि दिवे. धर्म, जात, भाषेच्या नावाने मत मागणं १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात भ्रष्ट आचरण आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात मतदाराचा धर्म आणि भाषाही धरली. म्हणून मंडपात कोणी मत मागत नाही. नुसती शाल घ्यायची, हात जोडायचे. मागणं नंतर, बंद खोलीत, पुरुषापुरुषांत होतं. बाईपर्यंत पोचते ती साडी, आणि ‘अमुक बटण दाब’ एवढा निरोप. तिच्या नळाला पाणी किती वाजता येतं, हे त्या खोलीत कोणाला ठाऊक असतं?

२०२४च्या ‘लाडकी बहीण’ योजनेने हा मध्यस्थ वगळला. महिना १५०० रुपये थेट बाईच्या खात्यात, मग ती कुठल्याही समाजाची असो. प्रचारात ती एवढी गाजली, त्याचं हे एक कारण मला वाटतं. (आपल्यातल्या काहीजणी तिला नुसती लाच म्हणतात. मला तेवढं सोपं वाटत नाही.) पण अर्जाची अट पाहा. पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड किंवा मतदार ओळखपत्र नसेल आणि बाईचा जन्म परराज्यातला असेल, तर महाराष्ट्रातल्या नवऱ्याचे कागद चालत. म्हणजे जौनपूरहून लग्न होऊन आलेल्या बाईचा हक्क पुन्हा नवऱ्याच्या कागदात. आणि त्याने टाकली असेल तर?

उमेदवार दारात आला की त्याला एवढं विचारा. आणि हेही विचारा, की मुंब्र्यातल्या बायांची बैठक तो पुढाऱ्यांना बाहेर बसवून घेईल का.