लॅपटॉपची बॅटरी : निगा आणि आयुष्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी व पालक यांच्यापुढे केलेले भाषण)



आपल्या ज्ञातीतील अनेक कुटुंबांत लॅपटॉप ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. थोरल्याचे शिक्षण आटोपले की तोच लॅपटॉप धाकटीच्या हाती येतो. परंतु तोवर बॅटरी निकामी झालेली असेल, तर ऐन परीक्षेच्या दिवसांत वीज जाताच अभ्यासही थांबतो. म्हणून या विषयावर चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

हल्ली सर्वत्र वापरली जाणारी लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली. तिच्या संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिच्या पूर्वीची निकेल-कॅडमियम बॅटरी अधूनमधून पूर्ण उतरवून मगच भरावी, असा दंडक होता आणि त्या काळी तो सकारणही होता. पुढे बॅटरी बदलली, दंडक मात्र घरोघरी तसाच राहिला! लिथियमची बॅटरी वारंवार शून्यापर्यंत उतरविणे तिला अपायकारक असते. ती थोडी थोडी भरल्याने मात्र काही बिघडत नाही. कारण निम्मी वापरून पुन्हा भरण्याची क्रिया दोनदा झाली, म्हणजे एकच आवर्तन गणले जाते.

तिचे खरे वैरी दोन : उष्णता, आणि काठोकाठ भरलेल्या स्थितीत दीर्घकाळ राहणे. या दोहोंमुळे आतील रासायनिक झीज वेगाने होते. तज्ज्ञांच्या एका प्रसिद्ध कोष्टकानुसार ४० अंश तापमानात पूर्ण भरून वर्षभर ठेवलेल्या बॅटरीची क्षमता सुमारे ६५ टक्क्यांवर येते. तीच २५ अंशांत ४० टक्के भरून ठेवल्यास सुमारे ९६ टक्के उरते. आपल्या विदर्भातील बांधवांना वैशाखाचा उन्हाळा सांगावयास नको!

यावरून आचरण सहज ठरते. गादीवर किंवा उशीवर लॅपटॉप ठेवल्यास हवेची छिद्रे बुजतात. म्हणून तो मेजावर किंवा पाटावर ठेवावा. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत तो कदापि ठेवू नये. सदैव वीजजोडणीवर काम चालत असेल, तर भरण्याची मर्यादा ८० टक्क्यांच्या आसपास बांधून घ्यावी. लिनोव्होचे व्हँटेज, असूसचे मायअसूस इत्यादी प्रणालींत ही सोय असते. सुटीत लॅपटॉप बंद ठेवावयाचा असल्यास बॅटरी निम्मी भरून ठेवावी. पडद्याचा उजेड कमी ठेवल्यास एका भरणीत काम अधिक वेळ चालते आणि आवर्तनेही वाचतात.

एक सूचना विशेष महत्त्वाची. कळफलक उचलला गेला किंवा तळ फुगलेला दिसला, तर बॅटरी फुगली असे समजून वापर तत्काळ थांबवावा. ती दाबू अगर टोचू नये. आग लागण्याचा संभव असतो. जाणत्या कारागिराकडून ती काढून घ्यावी व कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनाकडे सोपवावी. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचे दायित्व २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकलेले आहे.

आपल्या वडीलधाऱ्यांनी जपून वापरलेल्या पाठ्यपुस्तकांवर धाकट्या भावंडांची शिक्षणे झाली. तीच दृष्टी या नव्या साधनाविषयीही ठेवावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.