आभाळ भरून आले असता : ढगाळ हवेतील छायाचित्रण



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी आम्हांला आधी नीट पाहावयास आणि मग लिहावयास शिकविले. आजचा माझा विषयही पाहण्याचाच आहे.

गोव्याचे छायाचित्र म्हटले की हरमल-मोरजीची वाळू आणि निळे आकाश डोळ्यांपुढे येते. परंतु जून ते सप्टेंबर हे चार महिने पेडणे आणि डिचोलीतील माणूस ढगांखालीच जगतो. भाताची लावणी, नागपंचमी, चवथ, सारे ढगांखालीच! तरीही उजेड नाही म्हणून आपण कॅमेरा कपाटात ठेवतो. उजेड असतो, त्याचा स्वभाव तेवढा निराळा असतो.

स्वच्छ उन्हात प्रकाश एका सूर्यबिंबातून येतो, म्हणून सावल्या धारदार पडतात. ढग दाटले की सारे आकाशच दिवा बनते. सावल्या विरघळतात, ओल्या पानांचे रंग गहिरे होतात आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही सौम्य दिसतात. प्रकाश मात्र घटतो. १०० गतीच्या फिल्मवर किंवा १०० आयएसओवर उन्हात १/१२५ सेकंदाला एफ १६ पुरते. ढगाळ हवेत तेथे एफ ८ लागते, अगदी काळोखून आल्यास एफ ५.६. म्हणजे प्रकाश चौथाई ते अष्टमांश झाला. तेरेखोल नदीतील चालती होडी टिपायची तर १/२५० सेकंद हवा. त्यासाठी आयएसओ २०० किंवा ४०० करावा. उलट हरवळ्याच्या धबधब्याचे पाणी रेशमासारखे दिसावे असे वाटल्यास कॅमेरा तिपाईवर ठेवून १/४ सेकंद द्यावा.

खरी फसगत प्रकाशमापक करतो. त्याला समोरचे सारे जग मध्यम करड्या रंगाचे वाटते. पांढरे आभाळ चौकटीत आले की तो प्रकाश कमी करतो आणि माणसे काळवंडतात.

एका चवथीला माझी आई ओसरीच्या दारात उभी होती. वर माटोळी, मागे धुवट पांढरे आभाळ. काटा बरोबर जुळला म्हणून मी निश्चिंतपणे बटण दाबले. फिल्म धुऊन आली तेव्हा माटोळीतील फळांच्या आकृती ओळखू येत होत्या. आईचा चेहरा काळा पडला होता. ती तिची अखेरची चवथ ठरली. दीड स्टॉप अधिक प्रकाश दिला असता, किंवा दोन पावले पुढे जाऊन तिच्या चेहऱ्यावरच माप घेतले असते, तर आज ती त्या चित्रात दिसली असती. त्या दिवशी मी काटा पाहिला, आईला पाहिले नाही.

म्हणून नियम एवढाच : जे महत्त्वाचे, त्यावर माप घ्यावे. नार्वे येथील सप्तकोटेश्वराच्या ज्या देवालयाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली करविला, त्याचे चित्र घेताना रिकामे आभाळ शक्य तितके चौकटीबाहेर ठेवावे. ओला काळा दगडच चौकटभर असेल, तर उलट थोडा प्रकाश कमी करावा. नाहीतर काळा दगड राखाडी होतो. ढगाळ प्रकाश निळसर असतो. दुपारचे ऊन सुमारे ५५०० केल्व्हिन, तर ढगाळ आकाश ६५०० वा त्याहून अधिक. कॅमेऱ्यातील ढगाचे चिन्ह निवडल्यास रंगांना ऊब येते. पण पावसाळ्याचे ऊन करू नये. ती करडी छटाही आपल्या गावची आहे.

घरी परतल्यावर कॅमेरा कोरडा पुसून सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवावा. आपल्या दमट हवेत भिंगावर बुरशी धरते.

मित्रहो, घरी जाल तेव्हा वडीलधाऱ्यांना ओसरीच्या कडेला, आभाळाकडे तोंड करून बसवा आणि उन्हाची वाट न पाहता त्यांचे चित्र घ्या. ऊन पुन्हा येईल, माणसे येतीलच असे नाही.