बारा टोल्यांचें अंतर



गोल्फच्या खेळांत प्रतिस्पर्ध्यानें मारलेला चेंडू परतवावयाचा नसतो. प्रत्येकाचा चेंडू वेगळा. पुढें पसरलेली हिरवळ, झाडी, वाळूचे खड्डे आणि चेंडू ज्यांत घालावयाचा ते १८ खळगे मात्र सर्वांना सारखेच. ज्याला एकंदर सर्वांत कमी टोले लागतील तो विजयी. म्हणून ह्या खेळांत दुसऱ्यास हरविण्याआधीं स्वतःस सांवरावें लागतें.

अमेरिकेंतील स्त्रियांची खुली अजिंक्यपद-स्पर्धा १९४६ सालीं सुरू झाली. १९५० सालीं १३ जणींनीं मिळून धंदेवाईक स्त्री-खेळाडूंची संघटना उभारली. त्यांपैकींच एक मिल्ड्रेड झहारियस ऊर्फ ‘बेब’. १९३२ च्या लॉस एंजेलिस येथील ऑलिंपिक सामन्यांत भालाफेक आणि अडथळ्यांची शर्यत यांत दोन सुवर्णपदकें मिळविल्यावर पुढें ह्या बाई गोल्फकडे वळल्या. १९४८ व १९५० सालीं ही खुली स्पर्धा त्यांनींच जिंकली.

१९५३ च्या एप्रिलमध्यें बाईंना मोठ्या आंतड्याचा कर्करोग झाल्याचें आढळलें. शस्त्रक्रियेनें रोगट भाग काढण्यांत आला आणि मलविसर्जनासाठीं पोटावर नवें द्वार करावें लागलें. अजिंक्यपदाच्या तोडीचा खेळ यापुढें बहुधा होणें नाहीं, असें डॉक्टरांचें मत पडलें. रोग लसिकाग्रंथींपर्यंत पोंचला होता. पतीला हें ठाऊक होतें. बाईंना मात्र सांगितलेलें नव्हतें. तथापि चार महिन्यांच्या आंतच त्या पुन्हा स्पर्धेंत उतरल्या.

१९५४ च्या जुलैमध्यें मॅसॅच्युसेट्स राज्यांतील पीबडी येथें, सेलम कंट्री क्लबच्या मैदानावर, ही खुली स्पर्धा भरली. एकंदर ७२ खळग्यांचा खेळ. त्यांतला ३६ खळग्यांचा शेवटच्या एकाच दिवशीं. निरोगी माणसाचेही पाय भरून यावेत एवढी ही चाल! ४३ वर्षांच्या बाईंनीं ती पुरी केली. त्यांचे टोले झाले २९१. दुसऱ्या आलेल्या बेटी हिक्स यांचे ३०३. अंतर पडलें तें १२ टोल्यांचें.

त्या काळीं अमेरिकेंतही कर्करोगाचें नांव लोक दबक्या आवाजांत घेत. बाईंनीं आपलें दुखणें उघडपणें सांगितलें आणि त्या रोगाविरुद्धच्या कार्यासाठीं निधि जमविण्यास हातभार लावला. पुढें रोग उलटला. २७ सप्टेंबर १९५६ रोजीं, वयाच्या ४५ व्या वर्षीं, त्यांचें निधन झालें.

अखेर रोगच जिंकला, असें कोणी म्हणेल. परंतु शस्त्रक्रिया आणि मृत्यु यांमधलीं तीन वर्षें बाईंनीं रोगी म्हणून अंथरुणावर काढलीं नाहींत, हेंही तितकेंच खरें. आपल्याकडे दुखणें अंगावर काढण्याची, आणि त्यांतून स्त्रियांनीं तें झांकून ठेवण्याची, रीत जुनी आहे. अशा घरीं ही हकीकत अवश्य सांगावी. दुखणें वेळींच बोलून दाखविण्यांत लाज नाहीं, आणि शस्त्रक्रियेनंतरही माणसाच्या हातून मोठें काम होऊं शकतें, एवढें तरी तींतून घरांतल्या माणसांना कळेल.