हप्ता आधी, पगार मागाहून

पाटण खोऱ्यातली मुलंमुली बारावीनंतर कराड, सातारा, पुणे गाठतात आणि त्यांतली काही ‘बीबीए एचआर’ला, म्हणजे मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या पदवीला, प्रवेश घेतात. घरात चर्चा होते ती पगार किती मिळेल याची. कर्ज काढून शिकणाऱ्यानं मात्र तो केव्हा मिळेल हे आधी विचारावं. बँकांच्या नमुना शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभरानं हप्ते सुरू होतात. ४ लाख रुपये, १० टक्के व्याज आणि ७ वर्षं मुदत धरली, तर शिकतानाचं व्याज सोडूनही महिना सुमारे ६,६४० रुपये भरावे लागतात. एकूण परतफेड साडेपाच लाखांवर जाते. आता दुसरी बाजू पाहा. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालानुसार देशात पंचविशीखालच्या पदवीधरांमध्ये बेरोजगारी ४२ टक्क्यांवर होती. पस्तिशी ओलांडलेल्यांत ती ५ टक्क्यांखाली होती. पदवी वाया जात नाही, ती उशिरा पिकते. तरवा रुजायच्या आत मळणीचा हिशेब मागावा, तसा हा हप्ता दारात येतो.

एचआरच्या बाबतीत हप्ता आणि पगार यांतलं हे अंतर जास्तच जाणवतं, कारण हा धंदा कामावर बसूनच येतो. सुरुवात टाइम ऑफिसात: हजेरीपट, पगारपत्रक, पीएफ, ठेकेदाराच्या माणसांच्या नोंदी. वरच्या जागांसाठी एमबीए किंवा समाजकार्याची पदव्युत्तर पदवी मागतात. कोणी म्हणेल, नव्या कायद्यानं जागा वाढतील. ते खरं आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितेत ती मर्यादा २५० वर आली. पण अशा पदाला सरकारनं ठरवलेली पात्रता लागते, नुसत्या ‘बीबीए’वर विसंबता येत नाही. माथाडी नेते अण्णासाहेब पाटलांच्या या पाटण तालुक्याला, १९६९ चा माथाडी कायदा ज्यांच्या घामातून आला त्या हमालांच्या गावांना, कामगार कायद्याचं मोल वेगळं सांगायला नको. ते मोल पगारात उतरायला वर्षं जातात, एवढंच.

मग गरिबाच्या मुलानं शिकूच नये का? आक्षेप रास्त आहे, पण उत्तर क्रम बदलण्यात आहे. जवळच्या महाविद्यालयात वाणिज्य पदवी कमी खर्चात होते. पुढे नोकरी धरून कामगार कायद्याची पदविका स्वतःच्या पगारातून करता येते. कर्ज अटळच असेल, तर सवलती आधी तपासाव्यात. मुलींसाठी २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत उत्पन्नाच्या अटीवर शिक्षण शुल्कमाफी आहे; त्याच वर्षीची शैक्षणिक कर्जाची पीएम-विद्यालक्ष्मी योजना मात्र ठरावीक दर्जाच्या संस्थांपुरती आहे. ऑस्ट्रेलियात १९८९ पासून पदवीधराची कमाई ठरावीक पातळीवर गेल्यावरच परतफेड सुरू होते. आपल्याकडे बँकेचा हप्ता पगाराची वाट पाहत नाही. म्हणून कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी पगाराचा आकडा आणि तो हाती पडण्याचं वर्ष, दोन्ही शेजारी शेजारी लिहून पाहावीत.