परप्रांती घर करताना

घर बदलणे निराळे, गाव बदलणे निराळे; परंतु राज्य बदलून खेड्यात घर करणे ही गोष्ट या दोहोंहून निराळी आहे. वसई-विरारच्या कुटुंबांतून अलीकडे या तिसऱ्या गोष्टीचा विचार वारंवार ऐकू येतो. 2011 च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या 12,22,390 भरली. त्यानंतर तीत किती भर पडली, हे सकाळच्या लोकलमध्ये पाय ठेवू पाहणाऱ्यास कोणी सांगावयास नको. ज्या वाड्यांतून एके काळी राजेळी केळी आणि विड्याची पाने बाहेरगावी जात, त्यांतील कित्येकांवर आता इमारती उभ्या आहेत. बावखले बुजली, पुष्कळ विहिरींचे पाणी मचूळ झाले. 1980 च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आदी मंडळींनी हरित वसईची चळवळ उभारली, ती या पाण्यासाठी आणि या हिरवळीसाठीच. तिने पुष्कळ राखले. सर्वच राखणे कोणाच्याही हाती नव्हते.

अशा वेळी वाडी विकून चार पैसे हाती आलेला गृहस्थ उत्तरेकडे पाहू लागतो. 2013 पासून लोकल डहाणूपर्यंत जाते. पुढे घोलवड, बोर्डी, आणि त्यानंतर उंबरगाव. तोच समुद्र, तशाच चिकूच्या बागा, आणि किनाऱ्यावरील घरांत मराठीही कानी पडते. मध्ये राज्याची सीमा ओलांडली, हे गाडीत बसलेल्यास कळतही नाही.

ही सीमा 1 मे 1960 ची. तत्पूर्वी उंबरगाव हा ठाणे जिल्ह्याचा तालुका होता. राज्यांची विभागणी झाली तेव्हा त्यातील बरीच गावे गुजरातकडे गेली. घरे जागच्या जागी राहिली, कचेरी मात्र बदलली. अंगणातील तुळशीवृंदावनही न हलविता कित्येक कुटुंबे नव्या राज्याची रहिवासी झाली. त्यांना निवड करण्याची संधीच नव्हती. आज जो स्वेच्छेने तिकडे जाऊ इच्छितो, त्याला ती आहे. म्हणूनच त्याने ती डोळसपणे करावी.

उंबरगावच्या पुढचे स्टेशन संजाण. परप्रांती घर कसे करावे याचा धडा घ्यावयाचा, तर तो याच गावी घ्यावा. इराण सोडून आलेल्या पारशी मंडळींची कथा सांगणारे ‘किस्सा-ए-संजान’ हे फारसी काव्य 1600 च्या सुमारास बहमन कैकोबाद यांनी रचले. मूळ घटनेनंतर कित्येक शतकांनी ते लिहिले गेल्यामुळे त्यातील प्रत्येक शब्द इतिहास म्हणून घेता येणार नाही. दुधात साखर मिसळल्याची जी गोष्ट सर्वतोमुखी आहे, ती तर या काव्यात मुळी नाहीच. जे आहे ते अधिक मोलाचे आहे. ही मंडळी प्रथम दीव येथे उतरली आणि 19 वर्षे राहून तेथून निघाली. संजाणास आल्यावर त्यांनी तेथील राजापाशी आश्रय मागितला, तेव्हा राजाने अटी घातल्या: देशाची भाषा बोलावी, स्त्रियांनी येथील वेष घ्यावा, शस्त्रे खाली ठेवावी, विवाह सायंकाळी लावावे. अटी ऐकल्या, मान्य केल्या, आणि मग वस्ती झाली. आजचा गृहस्थ नेमके उलट करतो. तो आधी इसार देतो आणि अटी मागाहून विचारतो.

आजच्या अटींपैकी पहिली जमिनीची. शेतकरी नसलेल्या माणसास परवानगीवाचून शेतजमीन घेता येऊ नये, असा निर्बंध 1948 च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या 63 व्या कलमात आहे. महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही राज्यांचा बराच भाग त्या काळी मुंबई प्रांतात असल्यामुळे हा कायदा दोघांकडेही वारशाने आला. पुढे दोघांनी त्यात आपापल्या परीने फेरफार केले. तेव्हा वसईचा सातबारा दाखविला की पलीकडेही आपणांस शेतकरी म्हणतील, असे धरून चालू नये. मामलतदार कचेरीत जाऊन विचारावे आणि मिळेल ते उत्तर लेखी घ्यावे. शिवाय, सगळी वाडी विकून बसल्यावर शेतकरीपणाचा पुरावा कोठून आणणार? हा प्रश्न शेवटचा गुंठा विकण्यापूर्वी विचारावयाचा असतो. केवळ घरच बांधावयाचे असेल, तर रीतसर बिनशेती झालेला तुकडा घ्यावा, हे उत्तम. प्रत्येक राज्याची रीत वेगळी आहे: कर्नाटकाने असा निर्बंध 2020 मध्ये उठविला, तर गोव्याने 2023 मध्ये भातजमिनीसाठी नवा घातला.

याहून नाजूक गोष्ट आदिवासींच्या जमिनीची. उंबरगाव, डहाणू हा वारल्यांचा मुलूख. वेठबिगारीविरुद्ध 1945 साली वारल्यांनी येथेच उठाव केला आणि शामराव व गोदावरी परुळेकर यांनी त्याचे नेतृत्व केले. आदिवासीची जमीन सरकारी परवानगीवाचून इतरांस घेता येत नाही, हा नियम सीमेच्या दोन्ही बाजूंस आहे. तरीही ‘कागद दुसऱ्याच्या नावाने करू, जमीन तुमचीच’ असे सांगणारे दलाल भेटतात. अशी जमीन स्वस्त दिसते, कारण ती विकणाऱ्याची गरज मोठी असते. सभ्य गृहस्थाने तेथून उठून यावे.

मुलांचे काय? गुजरातेत 2023 च्या कायद्याने पहिली ते आठवीपर्यंत सर्व शाळांतून गुजराती शिकविणे सक्तीचे आहे. सहा वर्षांचे मूल ती भाषा अंगणातच उचलील. आठवीतल्या मुलाची मात्र ओढाताण होईल. महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांत राज्याच्या वाट्यातील जागा साधारणपणे दहावी-बारावी येथेच उत्तीर्ण झालेल्यांना मिळतात, हेही ध्यानी असावे. अनुसूचित जाती-जमातींच्या सवलती दुसऱ्या राज्यात आपोआप मिळत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये सांगितले आहे. पित्याने आनंदाने ओलांडलेली सीमा पुत्रास प्रवेशाच्या दिवशी आडवी येते, ती अशी.

गाव पाहावयास जावे ते वैशाखात. मार्गशीर्षात कोणतेही गाव सुंदरच दिसते. विहिरीला पाणी किती आहे, ते गोडे की मचूळ, हे विकणाऱ्यास न विचारता पाणी भरणाऱ्या स्त्रियांस विचारावे. वसईकरांस तरी हे सांगण्याची गरज नसावी. कारखाने किती अंतरावर आहेत आणि त्यांचे सांडपाणी कोठे जाते, हेही पाहावे. वापीच्या कारखानदारीने दमणगंगेचे काय केले, ते त्या भागात सर्वांना ठाऊक आहे. दुसरी खेप भर श्रावणात करावी. रात्री आजारी माणसास इस्पितळात न्यावयाचे झाल्यास रस्ता कोठे तुटतो, ते त्याच वेळी कळते.

एवढे झाल्यावरही पहिले वर्ष भाड्याच्या घरात काढावे आणि वसईचे घर विकू नये. घरातील वृद्धांचे मत शेवटी विचारण्याची चाल आहे. येथे ते आधी विचारावे. तरुण माणूस दिवसभर कामावर असतो आणि मुले शाळेत. नव्या गावात दुपारभर ओटीवर बसून कोणाशी तरी बोलावयाचे असते ते आजी-आजोबांना.